मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर एकदा, तास तीनदा मोजा

घरात मुलांचा पृथ्वीगोल पडून असेल तर तो खाली काढा आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरचा नकाशा पाहून आपली समजूत झालेली असते की अमेरिकेचे विमान अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक महासागर असे नाकासमोर पश्चिमेला जात असेल. दोरा वेगळेच सांगतो. तो मुंबईहून निघतो तो जवळजवळ उत्तरेलाच. सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या आसपासचा रशिया, फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, मग कॅनडा आणि तिथून खाली उतरून न्यूयॉर्क. गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा रस्ता हाच.

या दोऱ्याची लांबी साधारण १२,५३० किलोमीटर भरते. मोबाइलवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क अंतर’ विचारले की जो आकडा येतो तो याच दोऱ्याचा असतो. कुठे ७,७९० दिसले तर ते मैल आहेत आणि ६,७७० दिसले तर सागरी मैल, म्हणजे वैमानिकांचे माप. दोन संकेतस्थळांत दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तरी डोके खाजवू नका. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कुणी विमानतळापासून, कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतो, तर कुणी ध्रुवांशी किंचित चपटी.

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदा अमेरिकेला निघालेले आईवडील हा आकडा आधी शोधतात. मला तो सर्वांत कमी कामाचा वाटतो. अंतरावरून ना तिकिटाची किंमत कळते, ना घरून कधी निघायचे ते कळते, ना गोळ्या कधी घ्यायच्या ते. कामाचे असतात ते तास. आणि ते तीन प्रकारचे असतात : विमान हवेत असते ते तास, तिकिटावर छापलेले तास, आणि आपल्या दारातून निघून लेकाच्या दारात पोहोचेपर्यंतचे तास. तीन आकडे तीन वेगळे, आणि घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरा धरल्यामुळे.

हवेतल्या तासांपासून सुरुवात करू. मोठी प्रवासी विमाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. १२,५३० ला ९०० ने भागले की चौदा तासही होत नाहीत. मग कंपनी सोळा का सांगते? पहिले कारण असे की विमान त्या दोऱ्यावरून जातच नाही.

आकाशाला मालक असतात. कुठल्या देशाच्या डोक्यावरून जायचे ते त्या देशाच्या परवानगीवर ठरते. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यात उघडले. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, त्यांनी ते भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केले आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचे आकाश मिटले. त्यापायी युनायटेड एअरलाइन्सने आपली मुंबई–नेवार्क सेवा थांबवली. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण संघर्षात आखाताच्या भागातली आकाशे एकामागून एक बंद झाली, २३ जूनला तर कतारनेही काही तास बंद केले.

यात मुंबईकरांची एक जमेची बाजू आहे. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळून अरबस्तान, मग युरोप असे जाऊ शकते. थोडे लांब पडते, पण पाकिस्तानमुळे फारसे अडत नाही. पाकिस्तानचे आकाश बंद असले की दिल्लीहून निघणाऱ्यांना मात्र आधी खाली दक्षिणेला यावे लागते. म्हणून २०२५ च्या बंदीत दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने इंधन भरायला व्हिएन्नात उतरत होती. ‘दिल्लीहून जवळ पडते’ हे नकाशावर खरे आहे, पण तिकीट काढताना त्यावर विसंबू नका. दोन्ही शहरांचे तास तिकिटावर पाहा आणि मग ठरवा.

दुसरे कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात नेमक्या त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही नित्याची गोष्ट, हिवाळ्यात तीनशेच्याही वर. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीशी. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण जगाला कळावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला, आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. पाठीशी वारा असला की काय होते त्याचे टोकाचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चे : वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास सांगतात.

म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जायला साधारण सोळा तास, आणि यायला साधारण पंधरा. ‘पृथ्वी फिरते, मग पश्चिमेला जाताना शहर आपणहून पुढे यायला नको का?’ असा प्रश्न आजोबा मंडळी हमखास विचारतात. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात असते, त्यामुळे फिरण्याचा थेट फायदा कुणालाच मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्याचा.

घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर एक ठोकताळा सांगतो : किलोमीटरला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. तो पाऊण तास धावपट्टीपर्यंत सरकण्याचा, वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा. मुंबई–दिल्ली ११४० किलोमीटर, म्हणजे दोन तास पाच मिनिटे. वेळापत्रकात सव्वादोनच्या आसपास दिसतील. मुंबई–न्यूयॉर्कला साडेपंधरा तास येतात. पश्चिमेला दूर जायचे असेल तर त्यात अर्धा-एक तास आणखी धरा. अगदी अचूक हवे असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळांवर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्यात ते विमान रोज किती वाजता सुटले, कुठून गेले आणि किती वाजता टेकले हे सगळे तिथे दिसते. वेळापत्रक कंपनीचा इरादा सांगते, हा इतिहास तिची सवय सांगतो. मी तरी सवयीवर जास्त भरवसा ठेवेन.

आता तिकिटावरचे तास. विमान फलाटावरून हलले तेव्हापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचा हा वेळ. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कची. समजा लिहिले आहे : सुटणे पहाटे २.००, पोहोचणे सकाळी ७.३०, तारीख तीच. ‘अमेरिका साडेपाच तासांत?’ असे वाटून घेऊ नका. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. सकाळच्या साडेसातात साडेदहा मिळवले की भारतात संध्याकाळचे सहा वाजलेले. पहाटे दोन ते संध्याकाळी सहा, झाले सोळा तास. दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळावर आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची, एवढाच नियम.

उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एखादा आठवडा असा येतो की लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरकही नेहमीपेक्षा वेगळा असतो. त्या दिवसांत प्रवास असेल तर जुन्या आठवणीवर जाऊ नका, तिकीट पुन्हा उघडून वेळ पाहा.

त्याहून मोठा सापळा तारखेचा. ‘१५ तारीख, पहाटे २.००’ याचा अर्थ १४ तारखेला संध्याकाळीच घर सोडायचे आहे. वाचताना हसू येते, पण पंधराला रात्री बॅगा घेऊन विमानतळावर हजर झालेली माणसे दरवर्षी असतात. त्यांचे विमान तोवर न्यूयॉर्कला जाऊन पोहोचलेले असते. तिकीट हातात आले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका. घरातून निघायची तारीख आणि वेळ लिहा, तीही लाल पेनाने.

एका थांब्याचे तिकीट घ्यावे का, हा पुढचा प्रश्न. इथे अंतराचा आकडा एक गंमत दाखवतो. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७४०. म्हणजे लंडनवरून गेलात तर फक्त दोनशे किलोमीटर जास्त. दुबईवरून गेलात तरी १,९३० अधिक ११,०१० असे १२,९४०, चारशेचा फरक. विमानाला चारशे किलोमीटर म्हणजे अर्धा तास. आडवाटेला गेल्याचा तोटा जवळजवळ नाहीच. वेळ खातो तो थांबा, आणि दुसऱ्यांदा उतरण्या-चढण्याची दगदग.

म्हणून थांब्याची लांबी आधी पाहा आणि किंमत नंतर. दीड तासाचा थांबा दाखवणारे तिकीट ज्येष्ठांसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त असो. पहिले विमान पाऊण तास उशिरा आले, पुढचे दुसऱ्या टर्मिनलवरून आहे आणि मध्ये पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग आहे, एवढे जुळून आले की जिवाची घालमेल सुरू. तीन-चार तासांचा थांबा बरा : पाय मोकळे होतात, चहा होतो, घरी व्हॉट्सॲपवर ‘पोचलो’ म्हणता येते. आठ-दहा तासांचा थांबा मात्र सत्तरीच्या माणसाला खुर्चीत बसवून दमवतो. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. एका तिकिटावर असताना पहिल्या विमानामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनी करते. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटे घेतली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता.

‘डायरेक्ट’ या शब्दावर जाऊ नका; एकाच क्रमांकाचे विमान मध्ये कुठेतरी उतरून पुढे गेले तरी त्याला डायरेक्टच म्हणतात. ‘नॉन-स्टॉप’ लिहिले आहे का ते पाहा. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या, एजंटाच्या तोंडच्या माहितीवर नको. अबू धाबीवरून जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे : अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा, एकट्याने, इंग्रजीची धास्ती बाळगून जाणाऱ्या माणसाला नॉन-स्टॉप मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे. दोघे मिळून जाणार असाल, एकदा अनुभव घेतलेला असेल आणि गुडघे सोळा तास एका खुर्चीत मुडपून ठेवायला नाखूश असतील, तर थांबा उलट बरा पडतो. व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच नोंदवा, जेवणाची निवडही तेव्हाच. चालता येते मग व्हीलचेअर कशाला, असा संकोच नको. ती ढकलणारा माणूस तुम्हाला योग्य गेटवर नेऊन सोडतो, हा तिचा निम्मा उपयोग.

आता तिसरे, खरे तास. कोथरूडहून एडिसनला जाणारे एक जोडपे धरा. एडिसन न्यू जर्सीत आहे, आणि मराठी घरांतून ‘न्यूयॉर्कला’ म्हणून निघालेली बरीच माणसे प्रत्यक्षात त्याच पट्ट्यात जातात. पहाटे दोनच्या विमानासाठी चौदा तारखेला संध्याकाळी पाचला घर सोडले. पुण्याहून मुंबईचे विमानतळ दीडशे किलोमीटर. घाटात, कळंबोलीला किंवा सायनला अडकण्याची सवड धरून रात्री साडेनऊ-दहापर्यंत पोहोचले. चार तास आधी, म्हणजे निवांत. विमान सोळा तास. न्यूयॉर्कला साडेसातला उतरून इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स करत साडेनऊला बाहेर. केनेडी विमानतळावरून एडिसनला गाडीने दीड तास, म्हणजे अकरा वाजले. भारतात तेव्हा पंधरा तारखेचे रात्रीचे साडेनऊ. संध्याकाळी पाच ते दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊ : साडेअठ्ठावीस तास. त्यांपैकी विमानाचे फक्त सोळा. कोल्हापूरहून निघणाऱ्याने यात आणखी चार-पाच तास धरावेत, आणि शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत किंवा पनवेलला नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

विमानतळाचे नावही दोन्ही टोकांना नीट वाचा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ‘मुंबई’ एवढे पुरत नाही. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहारचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. तिकडेही तसेच : जेएफके न्यूयॉर्क शहरात, ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क न्यू जर्सीत. एडिसनला जाणाऱ्याला नेवार्क कितीतरी जवळ. पुढे शिकागो किंवा डॅलसला दुसरे विमान धरायचे असेल तर अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये तीन-चार तास तरी ठेवा.

आणि गोळ्या. यावर लोक फार कमी बोलतात, म्हणून जरा थांबून सांगतो. रोज सकाळी आठला रक्तदाबाची गोळी घेणारे काका पहाटे दोनच्या विमानात बसले. भारतीय घड्याळाने आठ वाजले तेव्हा ते हवेत होते; गोळी घेतली, ठीक. न्यूयॉर्कला साडेसातला उतरले, अर्ध्या तासाने तिथेही सकाळचे आठ वाजले. सवयीने दुसरी गोळी घेतली तर पहिल्या गोळीला फक्त साडेदहा तास झालेले असतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत हा घोळ अधिक महागात पडतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाताना सुटण्याची, पोहोचण्याची आणि जेवणांची वेळ भारतीय घड्याळात लिहून न्या आणि पहिल्या दोन दिवसांचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच लिहून घ्या. औषधे आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. मनगटावरचे घड्याळ एडिसनला पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. मोबाइल उतरल्याबरोबर स्वतःहून बदलतो, तेवढा पुरे.

विमानात हवा फार कोरडी असते, तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा. दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारा, बसल्या जागी घोटे फिरवा. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका लांबच्या प्रवासात वाढतो. पूर्वी तसा त्रास झालेला असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका. आणि खिडकीची हौस असलेल्यांसाठी एक सूचना : डिसेंबरात पहाटे दोनला निघालात तर विमान रात्रीबरोबरच पश्चिमेला सरकत राहते, आणि जवळजवळ सोळा तास बाहेर अंधारच असतो. तेव्हा आतल्या बाजूची, स्वच्छतागृहाजवळची खुर्ची घ्या. जूनमध्ये उलट, काही तासांतच उजाडते आणि शेवटपर्यंत ऊन. त्या वेळी डोळ्यांवरची पट्टी जवळ ठेवा.

परतीला हिशेब उलटा चालतो. न्यूयॉर्कहून हिवाळ्यात दुपारी साडेबाराला निघालात, पंधरा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन. घ्यायला येणाऱ्याला निघण्याची नव्हे, पोहोचण्याची तारीख कळवा, आणि फक्त वार सांगू नका, तारीखही सांगा. पुण्याला परतण्याची गाडी साडेतीनच्या पुढची सांगा. पूर्वेला येताना झोपेची घडी बसायला जाताना लागली त्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आठवडाभर रात्री दोनला टक्क जाग येईल. त्या आठवड्यात घरचे कार्य, बँकेची कामे किंवा लांबचे ड्रायव्हिंग ठरवू नका.